मदत हवी आहे: स्कूबा शिकताना मास्कमध्ये पाणी आलं की जीव घाबरा होतो

नमस्कार. स्कूबा डायव्हिंगचा प्राथमिक कोर्स करते आहे. थिअरी झाली, स्विमिंग पूलमधले सराव सुरू आहेत आणि एकाच जागी गाडी अडून बसली आहे. जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं ही विनंती.

मला पोहता येतं. पाण्याची भीती अशी कधी वाटली नव्हती. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारा भाग) दातात धरून पाण्याखाली पहिला श्वास घेताना पोटात गोळा आला होता, पण थोड्या वेळाने तो गेला. अडचण आहे ती मास्कची. इन्स्ट्रक्टर सांगतात की मास्क किंचित सैल करा, अर्धा पाण्याने भरू द्या आणि नाकाने हवा सोडून रिकामा करा. पाणी नाकपुड्यांना लागलं रे लागलं की माझा श्वास आत ओढला जातो, नाकात पाणी जातं, ठसका लागतो आणि मी ताडकन उभी राहते. पाणी छातीएवढंच आहे, त्यामुळे उभं राहिलं की प्रश्न मिटतो. पण हेच बारा मीटर खाली झालं तर? तिथे उभं राहून डोकं बाहेर काढता येणार नाही. हा विचार आता पूलमध्ये उतरायच्या आधीपासूनच डोक्यात असतो आणि छातीत धडधड सुरू होते.

त्यातून बाकीच्या शंकाही डोकं वर काढायला लागल्या आहेत. रेग्युलेटर तोंडात असताना खोकला आला तर काय करायचं? हवा संपली तर? कान दुखले तर? बॅचमधल्या इतरांना मास्कचं जमलं आहे, मी मागे राहिले आहे.

'घाबरू नकोस, काही होत नाही' हे बऱ्याच जणांकडून ऐकून झालं. त्याने भीती जात नाही. काय करायचं आणि कोणत्या क्रमाने, हे कुणी सांगेल का? मला हे मनापासून शिकायचं आहे.

प्रतिसाद १

शिकवण्याच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

तुमची भीती वायफळ नाही, आणि ती तशीच दाबून समुद्रात जाऊ नका. मास्कमध्ये पाणी येण्यात धोका नाही. पाणी आलं म्हणून श्वास रोखून वर पळण्यात आहे. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो, म्हणजे दहा मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे घेतलेला छातीभर श्वास रोखून वर आलात, तर वर येईपर्यंत ती हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसांत तेवढी जागा नसते. भरल्या छातीने श्वास रोखला असेल तर दीड-दोन मीटरवरून वर येतानाही इजा होऊ शकते. 'श्वास कधीही रोखायचा नाही' हा पहिला नियम त्यासाठीच आहे. तुमचं ते ताडकन उभं राहणं पूलमध्येच थांबायला हवं, मग त्याला लागेल तेवढा वेळ लागो.

आता ते का होतं? नाक आणि तोंड मागे घशात एकत्र येतात. टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला गेला की नाकाची वाट बंद होते आणि श्वास फक्त तोंडाने चालतो. सवय नसेल तर पाणी लागल्यावर माणूस दचकतो, ती वाट उघडी राहते आणि श्वासाबरोबर पाणी आत जातं. धीटपणाचा इथे काही संबंध नाही. ही निव्वळ सवय आहे आणि ती लावता येते.

त्यासाठी टाकी, बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरायचं जाकीट) सगळं बाजूला ठेवा. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहा, तोंडात फक्त स्नॉर्कल (श्वास घ्यायची वाकडी नळी) घ्या, मास्क लावूच नका. वाकून चेहरा पाण्यात बुडवा. सुरुवातीला श्वास तोंडाने घ्या आणि नाकाने सोडा. ते शांतपणे जमलं की घेणं आणि सोडणं दोन्ही तोंडाने करा, नाक नुसतं पाण्यात असू दे. पहिले काही श्वास नको नको वाटतील. नंतर एक क्षण असा येतो की नाकात पाणी आहे आणि तरी श्वास चालू आहे हे शरीराला पटतं. ते पटेपर्यंत पुढे जायचं नाही. मग तेच रेग्युलेटर घेऊन, इन्स्ट्रक्टर शेजारी असताना, गुडघ्यांवर बसून करा. त्यानंतर मास्क लावा आणि आत थोडंसंच पाणी घ्या, मग पाव मास्क, मग अर्धा. एकदम अर्ध्या मास्कपासून सुरुवात करणं अनेकांना जड जातं. पाणी गार असेल तर ही दचक जास्त असते, म्हणून जमल्यास कोमट पाण्याचा पूल निवडा.

एक बारीक गोष्ट, जी बघण्यापेक्षा करण्यात कळते. पाणी आत घेताना मान किंचित खाली ठेवा, म्हणजे पाणी काचेकडे राहतं, नाकाकडे येत नाही. रिकामा करताना बोटांनी मास्कची वरची कड कपाळावर दाबून धरा, आधी नाकाने हवा सोडायला सुरुवात करा आणि हवा सुटत असतानाच मान वर करा. बहुतेक जण आधी मान वर करतात आणि मग हवा सोडतात. मधल्या त्या क्षणात सगळं पाणी नाकपुड्यांवर येतं. जोरात फुंकर मारायची नाही, त्याने हवा कडेने निसटते आणि पाणी आतच राहतं. नाकातून 'हंऽऽऽ' असा लांब हुंकार द्या. हुंकार चालू आहे तोवर हवा बाहेर जात असते, आणि हवा बाहेर जात असताना पाणी आत येऊ शकत नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१. माझंही नेमकं हेच झालं होतं आणि मास्कशिवाय स्नॉर्कलच्या सरावाने सुटलं. घरी बादलीत चेहरा बुडवूनही हा सराव करता येतो, फक्त शेजारी कुणीतरी असू द्या.

आणखी एक. मास्क मुळात तुमच्या चेहऱ्याला बसतो का ते बघा. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत घ्या आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर आहे. सिलिकॉनच्या कडेखाली केसांची एखादी बट आली तरी पाणी झिरपतं. पट्टा करकचून आवळल्याने गळती थांबत नाही, उलट कड दुमडून वाढते. सतत झिरपणाऱ्या मास्कने शिकायला बसणं म्हणजे विनाकारण त्रास.

प्रतिसाद ३

हवेबद्दल लिहितो. आकडे कळले की मला स्वतःला धीर येतो, तुम्हालाही येईल कदाचित.

बारा लिटरची टाकी 200 बारपर्यंत (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) भरली की तिच्यात साधारण 2400 लिटर हवा असते. 50 बार राखीव धरून 1800 लिटर वापरायला उरते. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागत असेल तर दहा मीटरवर दाब दुप्पट म्हणून 40 लिटर लागेल. म्हणजे तिथे पाऊण तास. घाबरून भराभर श्वास घेतला तर हाच वेळ निम्म्यावर येऊ शकतो, म्हणून टाकीच्या दाबाचा काटा वारंवार बघायचा. हवा अचानक संपत नाही, काटा न बघणाऱ्याची संपते. तरीही वेळ आलीच तर बडीकडे (पाण्याखालच्या जोडीदाराकडे) जादा रेग्युलेटर असतो, ऑक्टोपस म्हणतात तो, बहुधा पिवळा. हवा वाचवायला श्वास रोखू नका.

रेग्युलेटरमध्ये बिघाड झाला तर हवा बंद होण्याऐवजी ती सतत सुटत राहावी, अशी त्याची रचना असते. खोकला आला तर रेग्युलेटर हाताने तोंडावर दाबून धरा आणि बिनधास्त त्यातच खोका. उलटी झाली तरी त्यातच करता येते. समोरचं बटण दाबलं की आतलं पाणी-बिणी बाहेर फेकलं जातं. रेग्युलेटर तोंडातून निसटला तर ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचं, उजव्या बाजूने हात मागे नेऊन पुढे वळवला की त्याची होज, म्हणजे नळी, हातात येते.

धागालेखिका

खूप आभार. 'आधी हवा सोडा, मग मान वर' हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी मान आधी वर करत होते हे आता लक्षात येतंय.

दोन गोष्टी राहिल्या. कानांचं काय? आणि पाण्याखाली धडधड सुरू झालीच तर त्या क्षणी नेमकं काय करायचं? बोलता येत नाही, इन्स्ट्रक्टर दोन हात लांब असतात.

प्रतिसाद ४

कान: दाब दर दहा मीटरला सारखाच वाढत असला तरी कानातल्या हवेच्या आकारमानात सगळ्यात मोठा फरक पहिल्या दहा मीटरमध्येच होतो, त्यामुळे कान दुखतात ते बहुधा उथळ पाण्यात. दुखायची वाट बघायची नाही. पाण्याखाली गेल्या गेल्या नाक चिमटीत धरून हळूच हवा ढकला, आणि मग दर मीटरभराला, किंवा त्याहूनही लवकर, तेच करत राहा. काहींना नाक धरून आवंढा गिळल्याने जास्त सोपं जातं. उतरताना पाय खाली, डोकं वर. कान उघडला नाही तर तिथेच थांबा, मीटरभर वर या, पुन्हा प्रयत्न करा. जोर लावायचा नाही, कानाला कायमची इजा होऊ शकते. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. सर्दीची गोळी घेऊन उतरू नका. गोळीचा असर पाण्याखालीच ओसरला तर अडकलेली हवा वर येताना त्रास देते.

धडधड: थांबा. हातपाय मारणं बंद. दोरी किंवा खडक हाताशी असेल तर धरा, इन्स्ट्रक्टरकडे बघा, पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवा. ही 'काहीतरी बिनसलंय' अशी खूण आहे. मग श्वास सोडा, पूर्ण, लांबवर. घाबरल्यावर आपण वरवरचे भराभर श्वास घेतो, त्यात कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, आणि तो साठला की श्वास पुरत नाही असं वाटून भीती आणखी वाढते. टाकीत हवा भरपूर असताना गुदमरल्यासारखं होतं ते यामुळे. नीट सोडलेले दोन-तीन श्वास फरक पाडतात. तरी नको वाटलं तर अंगठा वर. इथे अंगठा वर म्हणजे 'छान' नाही, 'वर जाऊ या'. कुणीही, केव्हाही, कारण न देता ही खूण करू शकतं आणि बाकीच्यांनी ती मानायची असते. वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेग नको.

प्रतिसाद ५

मी डॉक्टर आहे, तेवढ्यापुरतंच लिहिते. कोर्सच्या आधी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट्स, गर्भारपण, कानाची शस्त्रक्रिया, आणि हो, पॅनिक अटॅकचा इतिहास, यातलं काही असेल तर लपवू नका, तपासून घ्या. फक्त मास्कच्या वेळी धडधडतं आणि बाहेर आल्यावर थांबतं, ही नवशिक्याची नेहमीची भीती. पण कोरड्यावरही, कारण नसताना असं होत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. भीतीवर शामक गोळी घेऊन पाण्यात उतरणं तर अजिबात नको.

धागालेखिका

बाहेर असं काही होत नाही, फक्त मास्कच्या वेळी. इन्स्ट्रक्टरना आज सांगितलं. बॅचच्या वेळेनंतर वेगळं सत्र द्यायला ते तयार आहेत, सुरुवात मास्कशिवाय स्नॉर्कलने. समुद्रातली डाइव्ह ठरलेल्या तारखेला करावी की पुढे ढकलावी, एवढंच विचारायचं होतं. पुढे ढकलायची तर बॅच सुटते.

प्रतिसाद १

बॅच सुटली तर सुटू द्या. मास्क पूर्ण काढून मिनिटभर शांत श्वास घेता आला आणि मग तो परत लावून रिकामा करता आला, की समुद्राची तारीख घ्या. कोर्समध्ये हा सराव असतोच, तो घाईने उरकायचा नाही एवढंच. आणि समुद्रातल्या पहिल्या डाइव्हला दोरी धरून उतरायचं आहे असं इन्स्ट्रक्टरना आधीच सांगून ठेवा. दोरी हातात असली की उतरण्याचा वेग तुम्ही ठरवता, कानांना वेळ मिळतो, आणि मास्कमध्ये पाणी आलं तर जिथल्या तिथे थांबून तो रिकामा करता येतो.