'सेमनेस'ला मराठीत काय म्हणावं?

मीठभाकर: एनॉक्झापॅरिन या रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या औषधावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. डुकराच्या आतड्यातून काढलेल्या हेपॅरिनच्या लांब साखळ्या तोडून हे इंजेक्शन बनतं. तुकडे लहानमोठे, सरासरी रेणुभार ४५०० डाल्टनच्या आसपास. म्हणजे एक रेणू नाहीच, सगळी भेळ. मूळ ब्रँड 'लोव्हेनॉक्स'. त्याच्या पहिल्या जेनेरिकला अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१० साली मान्यता दिली, ती पाच कसोट्यांवर 'सेमनेस' तपासून. मी 'समानता' लिहिलं. संपादक म्हणाले, समानता संविधानात असते, 'साधर्म्य' करा.

जुनापाटा: 'तादात्म्य' कसं वाटतं?

मीठभाकर: काका, तादात्म्य भक्ताचं देवाशी. इंजेक्शनचं नको!

उंबरठा: आपल्याकडे 'तेच' आणि 'तसंच' आहे की. दुकानदार म्हणतो "तेच आहे, घ्या", तेव्हा आपण ओळखतो की तसंच आहे.

मीठभाकर: अडलंय तिथेच. अमेरिकेत ते जेनेरिक, म्हणजे 'तेच'. युरोपात बायोसिमिलर, म्हणजे 'तसंच'. वस्तू एक, शब्द दोन.

क्यूसीवाला: आमच्या लॅबमध्ये कुणी 'तेच' म्हणत नाही. 'मॅच झालं' म्हणतात. साखळीचे दोन-दोन साखरांचे तुकडे करून कोणता किती टक्के ते मोजायचं, रेणूची रचना दाखवणारा एनएमआर आलेख काढायचा, ब्रँडच्या वेगवेगळ्या बॅचेस शेजारी ठेवायच्या. ब्रँडच्याही दोन बॅचेस तंतोतंत जुळत नाहीत. त्या जेवढ्या हलतात, तेवढ्यात आपलं बसलं पाहिजे. मग 'तेच' कुणाशी?

जुनापाटा: 'मॅच' कशाला? 'जुळलं' म्हणा. आणि लॅब नाही, पृथक्करणशाळा.

क्यूसीवाला: पृथक्करण म्हणजे वेगळं करणं, ते कॉलम (मिश्रणातले घटक वेगळे करणारी नळी) करतो. मोजणं म्हणजे विश्लेषण.

जुनापाटा: आमच्या वेळी मातीचं 'पृथक्करण' करून आणायचे. कॉलम कुठे होता त्यात?

उंबरठा: अहो, आता 'माती परीक्षण' म्हणतात.

क्यूसीवाला: मातीवरून आठवलं. फोनवर "पीक फाटलंय, परत चालवतो" म्हणालो तर वडील घाबरले. त्यांना वाटलं, गावाकडे गारा पडल्या. पडद्यावरच्या आलेखाचं टोक दुभंगलं होतं, एवढंच.

जुनापाटा: 'शिखर' म्हणायचं. वडील घाबरले नसते.

क्यूसीवाला: शिखर फाटलं म्हटल्यावर आईच घाबरली असती, देवळाचं समजून.

मीठभाकर: उद्या लेख द्यायचाय. 'साधर्म्य' तसंच ठेवू का?

उंबरठा: पृथक्करणात 'क' ला 'क' जोडताना पाय मोडावा का, हा धागा वेगळा काढू या?