सिंटरक्लासच्या पीटचा काळा रंग गेला. बरं झालं की वाईट?

आम्स्टेलवेनकर

दर वर्षी नोव्हेंबरच्या मध्यावर नेदरलँड्समध्ये एक आगबोट येते. तिच्यावर लाल झगा, उंच टोपी, पांढरी दाढी असा सिंटरक्लास, म्हणजे संत निकोलस. तो स्पेनहून येतो असं मुलांना सांगतात. बरोबर पांढरा घोडा आणि मसाल्याची इवलीशी बिस्किटं उधळणारे मदतनीस, त्यांना पीट म्हणतात. ५ डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी मिळतात. त्याआधी तीन आठवडे पोरं रात्री बूट मांडून ठेवतात, त्यात घोड्यासाठी गाजर. इथल्या बऱ्याच घरांत २५ डिसेंबरपेक्षा या ५ तारखेचं कौतुक जास्त. अमेरिकेत गेलेल्या डचांचा हाच सिंटरक्लास पुढे सांताक्लॉज झाला.

हा पीट परवापरवापर्यंत काळा होता. गोरी माणसं तोंडाला काळा रंग फासायची, ओठ लालभडक, डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप, कानात सोनेरी बाळ्या. १८५० मध्ये यान स्खेंकमन नावाच्या आम्स्टरडॅमच्या शिक्षकाने मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं, त्यापासून संताचा हा काळा नोकर रूढ झाला. त्या वेळी दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीतल्या मळ्यांवर डचांचे गुलाम राबत होते. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली १ जुलै १८६३ ला.

२०१९ मध्ये आपल्डोर्न शहरात सिंटरक्लासच्या स्वागताच्या राष्ट्रीय मिरवणुकीत पहिल्यांदा सगळे पीट फक्त काजळीचे पट्टे ओढून आले. धुराड्यातून उतरताना काजळी लागते, ही त्यामागची गोष्ट. आता बहुतेक शहरांत हेच दिसतं.

मला विचाराल तर बरं झालं, आणि फार उशिरा झालं. माझा मुलगा २०१२ मध्ये पाच वर्षांचा होता. शाळेतल्या छोट्या नाटुकल्यात बाईंनी त्याला पीट केलं. घ्यायला गेले तेव्हा बाई अगदी मायेने म्हणाल्या, "याला रंग लावायची गरजच पडली नाही." पोरगं खूश होतं. डोक्यावर पिसाची टोपी, हातात बिस्किटांची पिशवी, घरी येईपर्यंत उड्या मारत होतं. मी काहीच बोलले नाही. त्याचा आनंद मोडवेना, आणि खरं सांगायचं तर नव्या देशात तोंड उघडायची हिंमतही नव्हती. अकरा वर्षांचा झाल्यावर एके दिवशी जेवताना त्याने विचारलं, "आई, तेव्हा तुला कळलं होतं ना?" मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

सण मुलांचा आहे. त्यातल्या काही मुलांना मोठं झाल्यावर असा प्रश्न पडत असेल, तर रंग जायलाच हवा होता.

फ्रीसलंडचा जावई

ताई, मुलाचं वाचून वाईट वाटलं. तरी मी दुसऱ्या बाजूचा आहे आणि स्पष्ट लिहितो.

माझी सासुरवाडी उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातल्या एका खेड्यात, गाईगुरांचं घर. सासऱ्यांनी तीस वर्षं गावात पीट केला. पहाटे दूध काढायचं, मग आरशासमोर तासभर बसून रंग लावायचा. रंग कशासाठी, तर गावातल्या एकाही पोराने ओळखू नये म्हणून. स्वतःच्या नातवंडांच्या हातात बिस्किटं ठेवायचे आणि त्यांना पत्ता लागायचा नाही. त्यांच्या मनात गुलाम नव्हता, मळा नव्हता, सुरिनाम नव्हतं. आणि एक दिवस टीव्हीवर कोणीतरी त्यांना वर्णद्वेषी म्हणालं.

त्यांच्याशी बोलायला कोणी आलं नाही, माझा राग त्यावर आहे. चर्चा सगळी आम्स्टरडॅमच्या स्टुडिओत झाली. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने पीटचं रूप बदलायचा सल्ला दिला, २०२० मध्ये फेसबुकने अशा चित्रांवर बंदी घातली. गावाने शतकभर जपलेली गोष्ट बाहेरच्यांनी ठरवून काढून घेतली. मग २०१७ मध्ये फ्रीसलंडमधल्या डॉकमच्या मिरवणुकीला काळ्या पीटविरोधी निदर्शक निघाले तेव्हा आमच्याकडच्या लोकांनी महामार्गावर त्यांच्या बसगाड्या अडवल्या. ते चुकलंच, ३४ जणांना न्यायालयाने दोषी धरलं ते योग्यच. पण ती माणसं गुंड नव्हती. त्यांना वाटलं, आपल्या घरात येऊन कोणीतरी देव्हाऱ्यातली मांडणी बदलतंय.

आणखी एक. आपण इथे पाहुणे. यजमानाच्या सणात खोड काढणं मला जमत नाही.

आम्स्टेलवेनकर

पाहुणे कसले? माझा मुलगा इथे जन्मला. त्याच्या पासपोर्टवर दुसरा कुठला देश नाही. तो पाहुणा असेल तर किती पिढ्यांनी घरचा होणार?

आणि "बाहेरच्यांनी ठरवलं" हे बरोबर नाही. २०११ मध्ये डॉर्ड्रेख्टच्या मिरवणुकीत 'काळा पीट म्हणजे वर्णद्वेष' असं लिहिलेला शर्ट घालून उभे होते म्हणून क्विन्सी गारिओ आणि जेरी आफ्रियी यांना पोलिसांनी फरफटत नेलं. दोघेही डच राज्यातलेच नागरिक. २०१६ मध्ये इथल्या राष्ट्रीय बालहक्क लोकपाल मार्ग्रीट काल्फरबूर यांनी मुलांशीच बोलून सांगितलं की काळा पीट चिडवाचिडवीला, वेगळं पाडण्याला आणि भेदभावाला हातभार लावू शकतो. हे सगळं देशाच्या आतलंच.

सासऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मी मानते. आमच्या बाईंच्याही मनात नव्हतं.

सदाशिव पेठ

इथे बसून वाचतोय. पॉलिटिकल करेक्टनेसची हीच गंमत असते, एक दिलं की दुसरं मागतात. आज पीटचा रंग, उद्या संताची दाढी, परवा नाताळचं नावच. इंग्लंडमध्ये हे होऊन गेलंय. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने अन्यधर्मीयांना वाईट वाटू नये म्हणून ख्रिसमसचं नाव बदलून 'विंटरव्हल' केलं होतं. ज्या समाजाला स्वतःच्या सणाचं नाव घ्यायची चोरी होते तो कसला टिकणार? बहुविधता म्हणजे प्रत्येकाने आपला सण ठसठशीत साजरा करायचा. सगळ्यांनी मिळून पाणचट करायचा नाही.

मिडलंड्समधून

बर्मिंगहॅममध्ये पंचवीस वर्षं राहतेय, म्हणून हे लिहिणं भाग आहे. 'विंटरव्हल' हे १९९७ आणि १९९८ च्या हिवाळ्यातल्या एकूण कार्यक्रमांचं जाहिरातीचं नाव होतं. त्यात दिवाळी होती, नववर्ष होतं आणि ख्रिसमस ख्रिसमस याच नावाने होता. शहरात ख्रिसमसचं झाड होतं, कॅरल्स होती. तरी वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं 'ख्रिसमसवर बंदी' म्हणून हेच उदाहरण देत राहिली. शेवटी २०११ मध्ये डेली मेलला दुरुस्ती छापावी लागली.

तुमची भीती खोटी आहे असं नाही म्हणत. पण ज्या गोष्टीचा राग आला ती घडलीच नव्हती.

सदाशिव पेठ

बर्मिंगहॅमचं उदाहरण मागे घेतो, माहीत नव्हतं. मुद्दा मागे घेत नाही. पीटचा रंग तर खरोखर गेलाय.

वसईची

मी कॅथलिक, आमच्या घरी नाताळ म्हणजे मध्यरात्रीची मिस्सा, गोठा, महिनाभर आधीपासून चाललेला फराळ. त्यामुळे हा वाद वाचताना मला भलतंच काहीतरी खटकतंय. संत निकोलस मायराचे बिशप होते, आजच्या तुर्कस्तानातले, चौथ्या शतकातले. रात्री गुपचूप गरिबाच्या घरात पैसे टाकणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. तुम्ही सगळे नोकराच्या रंगावर भांडताय आणि संताबद्दल कोणीच बोलत नाही.

परंपरा बदलू नये असं मात्र मला म्हणता येत नाही. माझी आजी लहानपणापासून लॅटिन मिस्सा ऐकत आली. शब्द कळायचा नाही, पण तो नाद तिच्या अंगात भिनलेला. साठच्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली. आजी कितीतरी दिवस चर्चमधून आल्यावर गप्प बसायची. म्हणायची, देवाशी बोलल्यासारखं वाटत नाही, शेजारणीशी बोलल्यासारखं वाटतं. आज माझ्या मुलांना मराठीशिवाय प्रार्थना सुचत नाही. बदल योग्यच होता. आजीचं दुःखही खरं होतं, आणि ते कोणी तिच्याजवळ बसून ऐकलं नाही. फ्रीसलंडच्या दादांच्या सासऱ्यांचं वाचून तीच आठवली.

पीटबद्दल माझं मत ताईंसारखंच. जो सण बिशपच्या दानावरून सुरू झाला, त्यात एका लेकराला कमीपणा येत असेल तर तो बिशपचा सण राहत नाही.

डेन हाग

एक भर घालतो, कारण दोन्हीकडून "काळे लोक", "बाहेरून आलेले लोक" असं सरसकट चाललंय.

मी राहतो त्या भागात सुरिनामी हिंदुस्तानी लोक खूप. गुलामगिरीतून सुटलेल्यांवर आणखी दहा वर्षं सक्तीची मजुरी लादली होती. ती १८७३ मध्ये संपली आणि त्याच वर्षी कलकत्त्याहून 'लल्ला रूख' हे करारावरच्या मजुरांचं पहिलं जहाज सुरिनामला पोहोचलं. त्यांचे वंशज १९७५ च्या स्वातंत्र्याच्या आगेमागे मोठ्या संख्येने इकडे आले. माझ्या शेजारच्या आजी त्यांतल्या. सरनामी, म्हणजे सुरिनाममधली हिंदुस्तानी बोली, बोलतात, दिवाळीला पणत्या लावतात, आणि ५ डिसेंबरला नातवंडांचे बूट स्वतः मांडतात. त्यांना काळा पीट आवडायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, आमच्या लहानपणी सुरिनामच्या राजधानीत, पारामारिबोतही सिंटरक्लास यायचा, त्यात वाईट वाटण्यासारखं काय? त्यांच्या मुलीला मात्र ते चित्र डोळ्यासमोर नको. शाळेत असताना पीट बनलेले लोक मुद्दाम सुरिनामी ढंगाचं मोडकंतोडकं डच बोलायचे आणि सगळा वर्ग तिच्याकडे बघून हसायचा. एकाच स्वयंपाकघरात दोन मतं.

माझं स्वतःचं मत रंग जावा असंच. फक्त काजळीची गोष्ट खरी होती असं आता जे सांगतात ते नको. काजळीने ओठ लाल होत नाहीत, केस कुरळे होत नाहीत. चुकत होतं आणि बदललं, एवढं सरळ सांगावं.

फ्रीसलंडचा जावई

वसईच्या ताई, आजींबद्दल लिहिलंत, आभार. डेन हागवाल्यांचा ओठांचा मुद्दा मला खोडता येत नाही, ते कबूल.

पण जबरदस्तीबद्दल माझं मत तसंच आहे. २०१४ मध्ये खाउडा, म्हणजे आपण ज्याला गूडा चीज म्हणतो त्या गावी, राष्ट्रीय मिरवणूक झाली. चीजसारखे पिवळे पीट, वॉफलच्या रंगाचे पीट असे मधले मार्ग काढले होते. तरी त्या दिवशी ९० जणांना अटक झाली, आणि पोरं बापाच्या खांद्यावर बसून ते बघत होती. तेव्हा पंतप्रधान मार्क रुट्टे म्हणत होते की पीट काळाच असतो, मी काय करणार. त्याच रुट्टेंनी जून २०२० मध्ये संसदेत सांगितलं की पीटमुळे दुखावलेल्या काळ्या मुलांचं ऐकल्यावर आपलं मत बदललं. ठीक आहे, त्यांना सहा-सात वर्षं लागली. गावालाही तेवढी द्यायची होती.

सासऱ्यांचं सांगतो. तीन वर्षांपूर्वी गावच्या समितीने ठरवलं की यापुढे काजळीच. ते पट्टे ओढून गेले. चौकात पोचायच्या आत धाकटी नात ओरडली, "पाके!" पाके म्हणजे आमच्याकडे आजोबा. त्या वर्षापासून ते गेलेले नाहीत. टोपी आणि झगा खालच्या कपाटात इस्त्री करून ठेवलाय. मी त्यांना समजावायला जाणार नाही.

आम्स्टेलवेनकर

नका समजावू. तीस वर्षं पहाटे उठून लेकरांसाठी सजणाऱ्या माणसाला मी कधीच वर्णद्वेषी म्हणणार नाही, आणि कोणी म्हटलं असेल तर ते चुकलं. तरीही त्या रंगाकडे बघून माझ्या मुलाला जे वाटलं ते त्यांच्या मनात नव्हतं म्हणून पुसलं जात नाही. या दोन्ही गोष्टी मी एकत्र घेऊन जगतेय, मला त्यातली एक टाकता येत नाही.

मुलगा आता अठराचा आहे. यंदा आमच्या वस्तीच्या मिरवणुकीला पीट कमी पडत होते. पट्टे ओढायचे, बिस्किटं वाटायची, दोन तासांचं काम. मी त्याला विचारलं, जाशील का? नाही म्हणाला. खोलीत गेला. मी पुन्हा विचारलं नाही.