मदत हवी आहे : टिळक वाचले, पण इंजेक्शन अडलंय

कडूकारले
मंडळी, १९२० मध्ये टिळक गेलेच नाहीत, अशी कथा दिवाळी अंकाला द्यायची आहे, संपादकबाईंचे दोन फोन येऊन गेले. सगळं लिहून झालंय, फक्त मुंबईत ते जिथे आजारी होते त्या सरदारगृहातला प्रसंग बसत नाहीये. डॉक्टर इंजेक्शन देतात, पहाटे ताप उतरतो, लोकमान्य उशीला टेकून बसतात आणि चहा मागतात. इथे डॉक्टर नक्की काय बोलेल? भाषा वैद्यकीय हवी. रविवारपर्यंत द्यायचंय. "आधी इतिहास वाचा" छाप प्रतिसाद नकोत.

साडेतीन शहाणा
कसलं इंजेक्शन?

कडूकारले
अर्थात इन्शुलिन! त्यांना मधुमेह होता हे शाळकरी पोरालाही माहीत आहे.

कंपाउंडर
जुलै १९२० मध्ये इन्शुलिन? अहो, बँटिंग आणि बेस्टचे कुत्र्यांवरचे प्रयोगच १९२१ च्या उन्हाळ्यातले. माणसाला पहिली सुई टोचली ती जानेवारी १९२२ मध्ये, टोरांटोत, एका चौदा वर्षांच्या पोराला. तीही धड लागू पडली नाही, अर्क शुद्ध करून बारा दिवसांनी पुन्हा द्यावा लागला. तुमच्या डॉक्टरने गिरगावात बसून हे दीड वर्ष आधी उरकलं? शिवाय इन्शुलिनने साखर उतरते, ताप नाही.

कडूकारले
पर्यायी इतिहास आहे हो. एक गोष्ट बदलायची मुभा असते.

कंपाउंडर
एक. तुम्ही दोन बदलल्यात. आणि सरदारगृह क्रॉफर्ड मार्केटजवळ, गिरगाव मी चुकून लिहिलं. चौपाटी डोक्यात होती.

बोरूबहाद्दर
टिळकांवर लिहून कंटाळा आला नाही का? नेताजी घ्या. विमान पडलंच नाही, झाली कथा. माझी अशी एक तयार आहे, हवी तर पाठवतो.

साडेतीन शहाणा
नेताजींचा धागा वेगळा काढा. कडूकारले, वाचल्यावर ते करतात काय, हे तुम्ही सांगितलंच नाही.

कडूकारले
ते उघड आहे ना! सप्टेंबरात काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनाला जातात, असहकाराचा ठराव स्वतः मांडतात.

जुनी रद्दी
हे मात्र पटत नाही. एप्रिल १९२० मध्ये त्यांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्ष काढला तो निवडणूक लढवायलाच. माँटेग्यूचा १९१९ चा सुधारणा कायदा पदरात पडलाय तेवढा राबवायचा आणि पुढच्यासाठी भांडायचं, हा त्यांचा खाक्या. कलकत्त्याला लाला लजपतराय अध्यक्ष, चित्तरंजन दासबाबूंचा कौन्सिलांवरच्या (विधिमंडळांवरच्या) बहिष्काराला विरोध. टिळक दासबाबूंच्या बाजूला बसले असते. म्हणजे दासबाबूंचा १९२३ चा, कौन्सिलात शिरणारा स्वराज्य पक्ष तीन वर्षं आधी. खरी कथा इथे आहे, सुईत नाही.

मुळशीकर
+१. पण कलकत्ता कशाला? एप्रिल १९२१, रामनवमी, धरणाविरुद्धचा मुळशीचा सत्याग्रह. सेनापती बापट एकीकडे, पुण्याची पुढारी मंडळी दुसरीकडे. म्हातारा जिवंत असता तर धरणावर जाऊन बसला असता की केसरीत अग्रलेख लिहून थांबला असता? आमच्या आजीच्या माहेरचं गाव पाण्याखाली आहे, म्हणून विचारतो.

उंबरठा
आणि बाकी समाजाचं काय? वेदोक्त मंत्रांच्या हक्कावरून शाहू महाराजांशी झालेलं भांडण इन्शुलिनने मिटत नसतं. बाबासाहेबांचं मूकनायक पत्र निघालं तेव्हा त्याची साधी जाहिरात केसरीने पैसे देऊ करूनही छापली नाही, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. टिळक आणखी जगले की सगळं गोड, असं असेल तर मी वाचणार नाही.

कडूकारले
उलट शेवट त्यावरच आहे! १९२१ च्या दिवाळीत टिळक परळच्या चाळीत बाबासाहेबांना भेटायला जातात.

उंबरठा
दार कोण उघडणार? जुलै १९२० मध्ये ते लंडनला गेले, परतले एप्रिल १९२३ मध्ये. रमाबाई भेटतील. खरं तर तेच लिहा. एवढा मोठा पुढारी दारात, आणि घरात ती बाई पैशांचा मेळ घालत बसलेली.

जुनी रद्दी
हे जबरी आहे.

शुद्धलेखन_काका
अंकाला देताना युनिकोडमध्ये द्या. मागच्या वर्षी माझ्या लेखात सगळ्या रफारांची वाट लागली होती. आणि 'इन्सुलिन' की 'इन्शुलिन' ते एकदा ठरवा.

आगगाडी
चहाबद्दल कुणीच बोललं नाही? पंचहौद मिशनमधल्या चहापायी १८९० च्या दशकात ग्रामण्य (बहिष्काराचा खटला) झालेला माणूस मरणाच्या दारातून परत येतो आणि चहाच मागतो! तेवढं काढू नका. फक्त बिनसाखरेचा करा.

कंपाउंडर
मधुमेह राहू दे, त्याच्याशी जमवून घ्यायला ते मंडालेतच शिकले होते. जुलैतला तो ताप येऊच देऊ नका. बदल एक, सुई शून्य.

कडूकारले
बरं. ताप काढला. परळ १९२१ च ठेवतोय, बाबासाहेब नाहीत, रमाबाईच. चहा बिनसाखरेचा. पण आता डॉक्टर कशाला आलाय?

साडेतीन शहाणा
कथा पूर्ण टाका, मग सांगतो.

कडूकारले
संपादकबाई आधी वाचणार म्हणाल्यात. कुणाला डॉक्टरचं काही सुचतंय का? शनिवार आहे आज.