वळवणची महाशीर हॅचरी, सीएसआर आणि धरणाकाठची गावं

मावळकर_७:
नमस्कार मंडळी, लोणावळ्याला वळवण धरणापाशी टाटा पॉवर या वीज कंपनीची महाशीरची (नदीतला मोठा मासा) हॅचरी, म्हणजे अंडी उबवायचं केंद्र आहे, सत्तरच्या दशकापासून चालू आहे, पिल्लं वाढवून नद्यांत सोडतात एवढं माहितीये. काम चांगलंच आहे. पण धरणाकाठच्या गावाला वीज कंपनीकडे काही मागायचं असेल तर कायद्यात हक्क आहे का, की नुसता अर्ज द्यायचा? आमच्या ग्रामसभेत सीएसआर (कंपनीने नफ्यातून समाजकामावर करायचा खर्च) म्हटलं की गाडी दप्तरं-वह्यांच्या पुढे जातच नाही.

हिशेबनीस:
हॅचरी सीएसआर कायद्याच्या कितीतरी आधीची. कंपनी कायद्याचं कलम 135 लागू झालं 1 एप्रिल 2014 पासून, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करायचा. स्थानिक भागाला प्राधान्य द्या असं कायद्यातच लिहिलंय, पण पैसा कुठे घालायचा ते कंपनीचं बोर्ड ठरवतं, गावाला थेट हक्क नाही. तरी मंजूर प्रोजेक्टची यादी वेबसाइटवर टाकणं बंधनकारक आहे, ती आधी काढा आणि ग्रामसभेचा ठराव जोडूनच पत्र द्या, सुट्या अर्जाला कोणी विचारत नाही.

नदीकाठ:
माशांबद्दल बोलतो. पावसाळ्यात मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी काढतात, त्यात नराचं वीर्य मिसळतात, मग ती अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायची, फार निगुतीचं काम आहे आणि या लोकांनी ते वर्षानुवर्षं केलंय, मला मनापासून आदर आहे. पण हॅचरीतली ही महाशीरची खुद्री जात आपल्या कृष्णा खोऱ्यातली, 1839 साली साइक्स या इंग्रज अभ्यासकाने तिचं वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. तिचीच पिल्लं कावेरीतही सोडली गेली आणि तिथला मूळचा कुबडा महाशीर मागे पडत गेला, 2018 मध्ये तो आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संस्थेच्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून आला. म्हणून पिल्लं किती सोडली यापेक्षा कुठल्या नदीत सोडली हे आधी विचारा.

मुळशीवाला:
आणि सोडून पुढे काय? इंद्रायणीच्या पाण्याची अवस्था आळंदीला जाऊन बघा, फेस तरंगतो, त्यात पिल्लू जगणार कसं! महाडजवळ वाळणकोंडीला गावकऱ्यांनी देवीचे मासे म्हणून महाशीर राखलेत, कोणी जाळं टाकत नाही, तिथे कुठला फंड आला होता? आमच्याकडे मुळशीला 1921 ला सेनापती बापटांच्या सोबत लोक जमिनीसाठी बसले, तरी धरण झालंच. पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघराला जातं, वीज मुंबईला. त्यामुळे वरच्या वाड्यांना उन्हाळ्यात प्यायला पाणी हीच पहिली मागणी ठेवा, मासे त्यानंतर.

मावळकर_७:
धन्यवाद सगळ्यांना. पाणी पहिलं, पटलं. ठरावात दुसरं कलम टाकतो, आमच्या ओढ्यात काही सोडायच्या आधी जात कोणती ते गावाला लेखी कळवा. मसुदा झाला की इथेच टाकतो, हिशेबनीस तुम्ही जरा भाषा बघाल का?