एकाच जनुकावर विसंबणे महागात पडते

प्रतिकारक जनुक गव्हाच्या वाणात एकदा उतरवले की माव्याचा, म्हणजे पिकाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीचा, प्रश्न कायमचा मिटतो, असे म्हटले जाते. ते मला पटत नाही. अमेरिकेत रशियन गहू मावा 1986 मध्ये आढळला आणि त्याविरुद्ध डीएन-4 हे जनुक असलेला ‘हॉल्ट’ हा वाण कोलोरॅडोत 1994 मध्ये प्रसारित झाला. परंतु 2003 मध्ये त्याच राज्यात या जनुकाला न जुमानणारा माव्याचा नवा प्रकार सापडला.

या किडीने ग्रासलेल्या पानावर पांढरट वा जांभळट उभे पट्टे उमटतात, पान नळीसारखे गुंडाळले जाते आणि आत बसलेल्या माव्यापर्यंत ना फवारा नीट पोहोचतो, ना मित्रकीटक. शिवाय मादी नराविना थेट पिल्ले घालते, त्यामुळे प्रतिकारावर मात करणारी एखादी मादी जगली तरी तिची संतती झपाट्याने पसरते.

राय या धान्यातून गव्हात आणलेले डीएन-7 हे जनुक नव्या प्रकारापुढेही टिकले, मात्र रायच्या त्या गुणसूत्रखंडाबरोबर कणीक चिकट होण्याचा दोषही येऊ शकतो, आणि तो वेगळा काढणे हे पैदासकाराचे खरे किचकट काम (त्याची चर्चा फारशी कोणी करत नाही). माझ्या मते सहनशीलतेकडे, म्हणजे मावा असूनही उत्पादन फारसे न घटण्याच्या गुणाकडे, अधिक लक्ष द्यायला हवे. कारण त्यात किडीचा जीव धोक्यात येत नसल्यामुळे तिच्यावर बदलण्याचा दबावही कमी राहतो.