जाफर गेटच्या बाजारात बारकोडवाले स्पायडरमॅन अंक सापडले, हे न्यूजस्टँड म्हणजे नेमकं काय असतं?

परभणीकर_सम्या

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहायलोय. मागच्या रविवारी बहिणीकडं संभाजीनगरला गेलतो, सकाळी जाफर गेटच्या आठवडी बाजारात चक्कर मारली. घ्यायचा होता पाना-पकडीचा सेट, पण एका काकांनी जुने रिमोट, चार्जर, मिक्सरची भांडी ताडपत्रीवर मांडली होती आणि त्याच्या कोपऱ्यात सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा, वरच्याच अंकावर स्पायडरमॅनचा वैरी व्हेनम दात विचकून बसलेला. माझं काळीजच धडधडलं. लहानपणी मामाकडं एकच स्पायडरमॅनचा अंक होता, तो आम्ही पाच भावंडांनी वाचून वाचून फाडला, त्यानंतर असा अंक हातात आलाच नव्हता. काकांनी ५०० सांगितले, ३५० ला दिले, एकूण १४ अंक.

घरी येऊन पाहिलं तर ५ अंकांवर खाली डाव्या कोपऱ्यात बारकोड आहे, ५ अंकांवर त्याच जागी बारकोड नाही, स्पायडरमॅनचं तोंड छापलंय. वरचा व्हेनमवाला म्हणजे अमेझिंग स्पायडरमॅन ३१६, त्याच्यावर बारकोड आहे. एक्स-मेन नंबर १ पण आहे, १९९१ चा, त्याच्यावर पण बारकोड. ३ अंक असे की कव्हरची वरची पट्टी, म्हणजे जिथं नाव असतं तेवढीच, एकदम सरळ कापलेली, आतली पानं मात्र कोरी करकरीत. कुणी पोरानं कात्री चालवली म्हणावं तर तिन्ही अंकांवर सेम जागी कसं काय? आणि चौदावा आपल्या भारतातल्या गॉथम कॉमिक्सनं काढलेला, त्यात स्पायडरमॅन धोतर नेसलेला.

एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकले तर एक जण म्हणला बारकोड म्हणजे न्यूजस्टँड आणि न्यूजस्टँड म्हणजे लई दुर्मीळ, हजारोंनी जातील. दुसरा म्हणला व्हेरिएंट असेल तरच किंमत. मला विकायचे नाहीत, पण आपल्याकडं आलंय ते काय आहे हे कळायला पाहिजे ना. आणि आपल्या मराठवाड्यात असलं कुठं सापडतं तेबी सांगा.

पैठणगेट_८८

सम्या भाऊ, आधी अभिनंदन. मी त्याच बाजारात १२ वर्षं रविवार घालवलेत, एवढा गठ्ठा मला एकदाच मिळालाय.

आता ते कापलेले ३ अंक आधी घेतो, कारण सगळी गोष्ट त्यांच्यातच आहे. अमेरिकेत पूर्वी कॉमिक्स किराणा दुकानात, औषधाच्या दुकानात, बस स्टँडवर, पेपरच्या स्टॉलवर मिळायचे, तारेच्या फिरत्या स्टँडवर लावलेले, तोच न्यूजस्टँडचा माल. त्या दुकानदाराला न खपलेला माल परत करता यायचा. पण अख्खा अंक परत पाठवायला वाहतूक कोण भरणार, म्हणून कव्हर नाहीतर कव्हरची नावाची पट्टी कापून तेवढीच परत द्यायची, त्याचे पैसे वळते व्हायचे, आणि राहिलेला अंक नष्ट करायचा असा नियम. काही लोक नष्ट करायचे नाहीत, गुपचूप स्वस्तात विकून टाकायचे. तुमचे ३ अंक तसलेच दिसायलेत. पहिल्या पानाच्या तळाला बारीक अक्षरांत जो मजकूर असतो तो भिंग घेऊन वाचा, स्पायडरमॅन काढणाऱ्या मार्व्हल कंपनीच्या जुन्या अंकांत लिहिलेलं असतं की कव्हरचा कुठलाही भाग काढलेल्या अवस्थेत हा अंक विकायचा नाही. संग्राहकाच्या बाजारात त्यांना मोल नाही, पण मी तुमच्या जागी असतो तर ते तीन कधीच टाकले नसते. बारकोड कशासाठी होता हे त्या कापलेल्या पट्टीइतकं दुसरं कशावरूनच समजत नाही.

दुसरी पद्धत चालू झाली १९७० च्या दशकात. फिल स्यूलिंग म्हणून ब्रुकलिनचे एक शिक्षक होते, त्यांनी प्रकाशकांकडून थेट माल उचलायची पद्धत बसवली. सवलत जास्त, पण परत काही घेणार नाही. खास कॉमिक्सची दुकानं त्यावर उभी राहिली. तो माल डायरेक्ट एडिशन. परतीचा माल आणि हा माल एकमेकांत मिसळू नये म्हणून खूण पाहिजे, नाहीतर दुकानदार डायरेक्टचा स्वस्त माल घेऊन न्यूजस्टँडचा म्हणून परत करेल. म्हणून ८० च्या दशकात आणि ९० च्या सुरुवातीला मार्व्हलच्या डायरेक्ट अंकावर बारकोडच्या चौकटीत स्पायडरमॅनचं तोंड किंवा दुसरं काहीतरी चित्र, आणि न्यूजस्टँडवर खरा बारकोड. तुमच्या गठ्ठ्यात दोन्ही आहेत, शेजारी शेजारी ठेवून बघा.

पुढं १९९३ च्या आसपास डायरेक्टवर पण बारकोड आला, त्यामुळं त्यानंतरच्या अंकात नुसता बारकोड बघून काही ठरवायचं नाही. डायरेक्टच्या बारकोडजवळ डायरेक्ट एडिशन असं छापलेलं असतं, आणि मुख्य बारकोडला चिकटून जो छोटा बारकोड असतो तो न्यूजस्टँडला दोन आकडी, डायरेक्टला पाच आकडी. त्या पाचात पहिले तीन अंकाचा नंबर, चौथा कव्हरचा प्रकार, पाचवा छपाई कितवी ते. शेवटी १ असेल तर पहिली छपाई, २ असेल तर दुसरी. ही एवढी गोष्ट पाठ केली तर बाजारात उभ्या उभ्या निम्मं काम होतं.

नांदेडचा_वेताळ

पैठणगेट दादांनी सगळं नीट सांगितलंय, मी फक्त त्या हजारोंनी जातील वाल्याला उत्तर देतो, कारण या एका वाक्यावर लई पोरांनी पैसे घातलेत, मी स्वतः पाहिलंय.

न्यूजस्टँड म्हणजे दुर्मीळ हे सरसकट खरं नाही हो. साल बघा. १९८० च्या आसपास बहुतेक माल न्यूजस्टँडलाच खपायचा, त्या वेळी उलट डायरेक्ट कमी. ८० च्या दशकात हळूहळू पारडं फिरलं आणि ९० नंतर न्यूजस्टँड घटत घटत गेला, मार्व्हलनं २०१३ च्या सुमारास बंदच केला, डीसी या दुसऱ्या मोठ्या कंपनीनं २०१७ ला. म्हणजे २००० नंतरचा न्यूजस्टँड अंक खरंच हाताला लागत नाही. अल्टिमेट फॉलआउट ४, २०११ चा, ज्यात माइल्स मोरालेस हा नवा स्पायडरमॅन पहिल्यांदा आला, त्याचा न्यूजस्टँड लोक देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा ठेवतात. पण १९८४ चा अमेझिंग २५२, काळ्या पोशाखाचा, त्याचा बारकोडवाला अंक भरपूर आहे. तिथं खरी अडचण चांगल्या अवस्थेतला मिळायची, कारण स्टँडवर पोरं उभ्या उभ्या वाचायची, कोपरे मुडपायचे, वितरकाचा माणूस गठ्ठा दाबून बांधायचा. दुकानातला डायरेक्ट अंक मात्र पहिल्या दिवसापासून पिशवीत.

तुमचा ३१६ हा १९८९ चा, व्हेनम कव्हरवर पहिल्यांदा आला तो हा. चांगला अंक आहे, जपा. एक्स-मेन १ मात्र कुणी कितीही सांगितलं तरी दुर्मीळ नाही, ८० लाखांवर प्रती निघाल्या, गिनीजमध्ये नोंद आहे त्याची, पाच वेगवेगळी कव्हरं काढली होती आणि लोकांनी पाचही घेऊन ठेवली. बारकोड असला तरी तोच प्रकार. वाचायला घ्या, चित्रं जिम लीची आहेत, मजा येते.

खरे व्हेरिएंट, म्हणजे त्याच अंकाच्या वेगळी किंमत नाहीतर वेगळं कव्हर छापलेल्या प्रती, शोधायचे असतील तर कव्हरवरची किंमत बघायची सवय लावा. मार्व्हलनं भाव वाढवायच्या आधी अमेरिकेच्या थोड्याच भागात चाचणी घेतली होती, १९७६ ला बाकीकडं २५ सेंट असताना तिथं ३० सेंट छापले, १९७७ ला ३० च्या जागी ३५. तेवढ्या एका आकड्यानं अंक कुठल्या कुठं जातो, स्टार वॉर्स १ चा ३५ सेंटवाला तर सगळ्यात मोठा मानतात. पण त्याच अंकाची ३५ सेंटवाली पुनर्मुद्रणं पण आहेत, म्हणून ३५ दिसलं की लगेच पैसे काढू नका, आत बाहेर सगळीकडं रीप्रिंट शब्द शोधा. तसंच १९८२ पासून १९८६ पर्यंत कॅनडाच्या न्यूजस्टँडसाठी वेगळी किंमत छापायचे, अमेरिकेत ६० सेंट तर कॅनडात ७५, आतलं सगळं सेम. आपल्याकडं कुणाचे नातेवाईक टोरांटोला असतील तर त्यांच्या ट्रंकेत हे निघू शकतं.

आणि हल्लीचे १:२५, १:१०० वाले व्हेरिएंट, म्हणजे दुकानदारानं २५ किंवा १०० प्रती मागवल्या तर त्याला एक खास कव्हर मिळतं, ते आपल्या रद्दीत येणार नाहीत, त्याच्या नादी लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे. तो शोध नाही, ती नुसती खरेदी आहे.

कुठं सापडतं म्हणाल तर नांदेडात मला रद्दीवाल्यांकडं वर्षाला दोन-चार मिळतात, ते पण ओळख झाल्यावर, मी त्यांना सांगून ठेवलंय की चित्रांची इंग्रजी पुस्तकं आली की बाजूला टाका, किलोच्या दुप्पट भाव देईन. बाकी देवगिरीनं हैदराबाद गाठायचं, रविवारी अबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. मी शनिवारीच जाऊन मुक्काम करतो, कारण गठ्ठे सुटायच्या वेळी तिथं उभं राहिलं पाहिजे, दुपारनंतर उरतात ते फक्त परीक्षांची गाइडं.

परभणीकर_सम्या

बाप रे, एवढं मला कुणीच सांगितलं नव्हतं. तळाची बारीक अक्षरं वाचली दादा, खरंच लिहिलंय तसं. कापलेल्या तिन्हीत.

बाकीच्या तीन बारकोडवाल्यांचे साल १९८७, ८८, ९०. ३१६ ला मधल्या पानाजवळ खालची पिन थोडी गंजलीय आणि कव्हर त्या पिनेपासून थोडं सुटलंय. सेलोटेप लावू का? आमच्या घरी वरच्या खोलीला पत्रे आहेत, पेटी तिथंच ठेवलीय.

लातूरची_वैशाली

सेलोटेप नको!! हात जोडते. मी ग्रंथालयात काम करते, टेपनं जितकी पुस्तकं गेलीत तितकी वाळवीनं पण गेली नसतील. पाच-सात वर्षांत टेपचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो आणि मग तो डाग कशानं निघत नाही. पिन पण काढू नका, नवीन पिन मारू नका. आहे तसं राहू द्या.

आणि ती पेटी आजच्या आज पत्र्याखालून खाली आणा. न्यूजप्रिंटच्या कागदात मुळातच आम्ल असतं, उन्हानं आणि उष्णतेनं तो लवकर तपकिरी पडतो, कडा हात लावला की तुकडे पडतात. मे महिन्यात आपल्याकडं बाहेर ४२-४३ असतं तेव्हा पत्र्याखाली किती असेल विचार करा. मराठवाड्याची हवा कोरडी आहे हे एका अर्थानं बरं, कोकणातल्यासारखी बुरशी चढत नाही, पण पावसाळ्याचे दोन महिने सांभाळायचे, भिंतीला लागून ठेवायचं नाही, जमिनीवर ठेवायचं नाही, लाकडी फळीवर खोलीच्या आतल्या बाजूला. कसर फार खाते कव्हरच्या चकचकीत थराला, महिन्यातून एकदा उघडून बघा.

पिशवी घेताना साड्यांच्या कव्हरची जी मऊ वास येणारी पारदर्शक पिशवी असते ती पीव्हीसीची, ती शाईला चिकटते, ती नको. पॉलीप्रॉपिलीनची चालते, मायलर, म्हणजे पॉलिएस्टरची कडक पारदर्शक पिशवी, मिळाली तर उत्तम. मागं पुठ्ठा ॲसिड-फ्रीच पाहिजे, शर्टाच्या घडीतला पांढरा पुठ्ठा घालतात काही जण, तो स्वतःच पिवळा पडतो आणि अंकाला पण पिवळा करतो. अंक उभे ठेवा, पण सैल नको, वाकतात.

एक सांगायचंच राहिलं, बाइंडिंग करू नका. माझ्या वडिलांकडं मराठी इंद्रजाल कॉमिक्स होते, वेताळ, मँड्रेक, बहादूर सगळे, त्यांनी फार प्रेमानं दहा-दहाचे खंड बांधून घेतले, आणि बाइंडरनं रीतीप्रमाणं तिन्ही बाजू कापून सरळ केल्या. काही पानांवर वरच्या चौकटीतला संवादच अर्धा गेलाय. आजही तो खंड उघडला की वडील त्या कापलेल्या ओळी तोंडपाठ म्हणून दाखवतात.

पैठणगेट_८८

वैशालीताई, मराठी इंद्रजाल! इंद्रजाल १९६४ ला चालू झालं आणि १९९० ला बंद पडलं, मी गुलमंडी, औरंगपुरा, शहागंज सगळीकडं विचारून थकलो, मराठीतले मला आजवर सात मिळालेत. खंड बांधलेले असले तरी जपून ठेवा.

सम्या, तो गॉथमचा अंक हलक्यात घेऊ नका. स्पायडरमॅन इंडिया, २००४ चा, पवित्र प्रभाकर नावाचा मुंबईतला पोरगा, जीवन कांग यांची चित्रं. मार्व्हलनं तीच मालिका अमेरिकेत पण काढली, एकूण चारच अंक. २०२३ ला स्पायडरव्हर्सच्या ॲनिमेशन पिक्चरमध्ये पवित्र आला तेव्हापासून लोक शोधायलेत, आणि बहुतेकांकडं अमेरिकन छपाई असते. तुमच्याकडं आहे तो भारतीय छपाईचा. बाहेरच्या माणसाला तो मिळवायला आपल्याच फुटपाथवर यावं लागेल. कितवा अंक आहे तो?

परभणीकर_सम्या

दादा, दुसरा आहे. पहिलं पान थोडं दुमडलंय, बाकी चांगला.

पेटी खाली आणली वैशालीताई, आईच्या कपाटात मधल्या खणात जागा मिळाली, आईनं स्वतःहून साड्या वर सरकवल्या. पिशव्या मागवल्यात, तोपर्यंत प्रत्येक अंकामध्ये कोरा कागद घालून ठेवलेत, चालेल ना?

आणि आज त्या ताडपत्रीवाल्या काकांना फोन लावला, निघताना नंबर घेतला होता. ते म्हणले हा गठ्ठा ज्या घरून उचलला तिथं अजून एक पोतं आहे, पण त्या घरच्यांनी वरची कव्हरं फाटलेली वेगळी काढून बंबात घालायला ठेवलीत. मी म्हणलं काका, कव्हर नसलेले पण घ्या, सगळे घ्या, एक पण जाळू देऊ नका. येत्या रविवारी सकाळी सातला जाफर गेटला पोचायलोय. पैठणगेट दादा, तुम्ही याल का?

पैठणगेट_८८

साडेसहालाच येतो. भिंग घेऊन या.