टक्का वाढला, पण दर उतरला

अमेरिकेत कृष्णवर्णीयांची जवळपास 70 टक्के मुलं अविवाहित आईच्या पोटी जन्मतात, म्हणजे तिथल्या बायका पूर्वीपेक्षा बेफिकीर झाल्या, असं अनुमान काही जण काढतात, ते मला अजिबात पटत नाही. आकडा खरा आहे. कृष्णवर्णीय कुटुंबांवरच्या 1965 च्या सरकारी मॉयनिहन अहवालात तो 24 टक्क्यांच्या आसपास होता. पण हा एकूण जन्मांमधला वाटा झाला. दर हजार अविवाहित कृष्णवर्णीय स्त्रियांमागे 1970 मध्ये वर्षाला साधारण 95 मुलं जन्मत, 2015 च्या सुमारास 60. म्हणजे दर उतरलाच! लग्न करणाऱ्या कमी झाल्या, विवाहितांना होणारी मुलंही कमी झाली, म्हणून टक्का फुगला. लग्नं का घटली हे विचारा: डेट्रॉइटसारख्या शहरांतले कारखाने गेले, पुरुषांची पगाराची नोकरी गेली, आणि 1980 नंतर तुरुंग कृष्णवर्णीय पुरुषांनी भरत गेले.

आणि अविवाहित म्हणजे एकटी असंही नाही, कित्येक घरांत बाप असतो, लग्नाचा कागद नसतो. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या 2013 च्या अहवालात पाच वर्षांखालच्या मुलांसोबत राहणाऱ्या कृष्णवर्णीय बापांपैकी 70 टक्के जण त्यांची आंघोळ, लंगोट, कपडे रोज बघत होते. गोऱ्या बापांत हेच 60 टक्के. असं अनुमान काढताना त्या बापांचा कुणी उल्लेखही करत नाही, याचं वाईट वाटतं.